बॉर्डर कॉली घरी आणावा का? (स्वभाव, मूळ काम, अनुभव)

अनुजा_के

नमस्कार मंडळी,

आमचा लॅब (लॅब्रॅडोर कुत्रा) मागच्या वर्षी गेला. म्हातारा होऊन, लाडाकोडात गेला, पण घर अजून रिकामंच वाटतं. आता लेकीने (आठवीत आहे) बॉर्डर कॉलीचा हट्ट धरलाय. सगळ्यात हुशार जात, चटकन शिकतो, वजनाला लॅबपेक्षा बराच हलका, असे तिचे मुद्दे आहेत. व्हिडिओ बघून बघून मलाही भुरळ पडली आहे.

आम्ही कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोन बेडरूम, जवळ टेकडी. मी घरूनच काम करते. सासूबाई सोबत असतात, त्यांना कुत्र्याची सवय आहे.

हा मेंढपाळांचा कुत्रा, एवढं ऐकून आहे. त्या कामामुळे याचा स्वभाव नेमका कसा घडला, आणि मेंढ्या नसलेल्या घरात त्या स्वभावाचं काय होतं, हे कुणी सांगेल का? पुण्याच्या उन्हाळ्यात निभावतो का, तेही सांगा.

रानवाटा

घेऊ नका. फ्लॅटमध्ये तर नाहीच नाही.

चिंतोपंत

रानवाटा, एकदम निकालच? साक्षीपुरावे तरी होऊ द्या.

टायनकाठची

अनुजा, मी इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थंबरलंडमध्ये राहते. बॉर्डर कॉलीचं माहेर हेच. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर चेव्हियट डोंगर आहेत आणि तिथे मेंढ्या वर्षाचा बराचसा काळ उघड्या माळावर मोकळ्या असतात. लोकर कातरायला, औषध पाजायला, कोकरं वेगळी काढायला त्या खाली आणायच्या, आणि माणूस एकटा. मेंढपाळाचा कुत्रा नसता तर स्कॉटलंडच्या उघड्या डोंगराळ जमिनीला कवडीची किंमत आली नसती, अशा अर्थाचं जेम्स हॉग या मेंढपाळ कवीने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं आहे. इथले डोंगर पाहिले की ते पटतं.

आजच्या जवळजवळ प्रत्येक बॉर्डर कॉलीची वंशावळ मागे नेली की एक नाव लागतंच: ओल्ड हेम्प. जन्म सप्टेंबर १८९३, ॲडम टेल्फर नावाच्या इथल्याच शेतकऱ्याकडे. बाप रॉय, मोकळ्या, गोड स्वभावाचा, कामात बेताचा. आई मेग, काळीभोर, बुजरी, आणि नजर जबरदस्त. त्या काळी बरेच कुत्रे भुंकून, अंगावर धावून, प्रसंगी चावून मेंढ्या हाकत. हेम्प तोंडातून आवाज काढायचा नाही. लांबून, नजरेच्या आणि चालीच्या दाबावर काम करायचा, आणि मेंढ्या न बिथरता चालायच्या. हे पाहून लोक आपापल्या कुत्र्या त्याच्याकडे आणू लागले. त्याची दोनशेहून जास्त पिल्लं झाली. १९०१ मध्ये तो गेला, तोवर त्याची पद्धत हीच या जातीची पद्धत होऊन बसली होती.

तेव्हा अनुजा, हा स्वभाव माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलाय. रंग कुठला, कान उभे की पडलेले, कुणी विचारत नव्हतं. काम जमलं तर त्याची पिल्लं ठेवायची. १९०६ साली सुरू झालेल्या इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटीत वंशावळ माहीत नसलेल्या कुत्र्यालाही काम करून दाखवून नोंद मिळवता येते. मला या जातीबद्दलची ही गोष्ट सगळ्यात आवडते.

इथे उन्हाळ्यात गावोगावी ट्रायल, म्हणजे कुत्र्यांच्या मेंढ्या वळवण्याच्या स्पर्धा असतात. एकदा मी दोरीच्या अगदी लगत उभी होते. मालकाने हलकीशी शीळ घातली आणि कुत्री त्याच्या पायापासून सुटली ती सरळ मेंढ्यांकडे गेलीच नाही. उजवीकडून मोठा वळसा घेत, मेंढ्यांना बुजू न देता, त्यांच्या पार मागे जाऊन पोटावर पडली. मग उठली, डोकं खांद्याखाली, शेपूट पायांत, पुढचा एक पाय हवेत तसाच धरलेला. पाचही मेंढ्यांनी माना वर केल्या. तिने तो पाय टेकवला आणि मेंढ्या मालकाच्या दिशेने चालू लागल्या. कुणी शिकवलेली गोष्ट नाही ही, तो वळसा आणि ती नजर पिल्लात असतेच. मालक फक्त डावं-उजवं आणि थांब शिकवतो. 'कम बाय' म्हटलं की घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, 'अवे' म्हटलं की उलट, आणि 'दॅट्ल डू' म्हटलं की काम संपलं, मागे ये.

माणदेशी

टायनकाठची, झकास लिहिलंय.

आमच्या भागातली मेंढरं आणि त्यांची कुत्री लहानपणापासून बघत आलोय, म्हणून एक फरक सांगतो. आपला मेंढका कळपाच्या पुढं चालतो, हाळी देतो, मेंढरं त्याच्या मागनं येतात. कळप घट्ट असतो, दिवसभर माणूस सोबत असतो. त्यामुळं हाकायला कुत्रं लागत नाही. कुत्रं लागतं ते रात्री. वाडा पडला, म्हणजे मुक्काम झाला, मेंढरं वाघरीत (जाळीच्या कुंपणात) घातली की कुत्री भोवतीनं बसतात, कारण लांडगा. दिवाळीनंतर कोकणाकडं उतरणाऱ्या वाड्यांबरोबर तीच कुत्री घाट उतरतात.

ही कुत्री मेंढरांकडं बघतसुद्धा नाहीत. त्यांची नजर बाहेर, अंधाराकडं. कोकरू अंगावर चढलं तरी गप पडून राहतात. तुमचा कॉली उलटा, त्याची नजर आत, मेंढरावर. म्हणून 'मेंढपाळाचा कुत्रा' म्हटलं की दोघांना एका मापानं मोजू नये.

चिंतोपंत

माणदेशी, नजर आत आणि नजर बाहेर, हे फार आवडलं.

अनुजाताई, मंगळागौरीला मात्र जपा. फुगडी घालणाऱ्या बायका हा कळप आहे असं त्याने ठरवलं तर सगळ्यांना गोळा करून देवघरात नेऊन बसवेल!

अनुजा_के

चिंतोपंत :) सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, एवढ्या बायका एका जागी गप्प बसणार असतील तर उद्याच आणा.

आभा_ना

चिंतोपंतांनी गंमत केली, पण तसं घडतं. माझ्याकडे नाशिकला बॉर्डर कॉली आहे, आता सहा वर्षांची. बंगला आहे, अंगण लहानसंच.

लांडगा शिकार करतो त्याचे टप्पे असतात: हेरणं, नजर रोखणं, दबा धरून पुढे सरकणं, पाठलाग, पकड, ठार मारणं. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने कामाच्या कुत्र्यांचा अभ्यास करून हे छान मांडलं आहे. कॉलीमध्ये पहिले टप्पे वाढवत नेले आणि पकडीपासून पुढचं दाबत नेलं. माणदेशी म्हणतात त्या राखणदार कुत्र्यांत मेंढरांच्या बाबतीत ही साखळी जागीच होत नाही, म्हणून कोकरू अंगावर चढलं तरी चालतं.

आता मेंढ्या नाहीत, पण नजर रोखणं आणि पाठलाग तर रक्तात आहे. मग ते कशावर तरी बसतं. सायकली, रिक्षा, धावणारी मुलं. माझीने पिल्लू असताना भाच्याच्या टाचेला दात लावले होते. राग म्हणून नव्हे, तो पळत होता आणि थांबत नव्हता म्हणून. सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे प्रकाश आणि सावल्या. संध्याकाळी दिवा लागला की पंख्याच्या पात्यांची सावली भिंतीवर फिरते. ती तिच्यासमोर पोटावर पडून राहायची, पापणी न लववता, हाक मारली तरी कान हलायचा नाही. आम्ही तो दिवा काढून दुसरीकडे लावला आणि त्या वेळी तिला वास शोधायचे खेळ देऊ लागलो, तेव्हा ते हळूहळू सुटलं. म्हणून हात जोडून सांगते, लेझरचा ठिपका या कुत्र्यासमोर कधीही, गंमत म्हणूनही नाचवू नका. तो कधी हाती लागत नाही, आणि कुत्रा नंतर तासन्‌तास जमीन शोधत बसतो.

रानवाटांच्या 'फ्लॅटमध्ये नाहीच'शी मी सहमत नाही. मात्र त्यांनी तसं का लिहिलं असेल ते समजतं.

केदार_ठाणे

इथे कुणी चेझरचा उल्लेख कसा केला नाही? अमेरिकेत जॉन पिली नावाच्या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांची कॉली. १०२२ खेळण्यांची नावं तिला येत होती. २०११ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नावानिशी मागाल ते खेळणं ढिगातून आणून द्यायची. अनुजाताई, लेकीचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे.

आभा_ना

केदार, त्याच कामातला दुसरा आकडा बघा. त्यासाठी पिली तीन वर्षं, दिवसाला चार-पाच तास तिच्यासोबत बसत होते. हा कुत्रा हुशार आहे म्हणजे आपले कष्ट वाचतात असं नाही, उलट वाढतात. फ्रिज कसा उघडतो, कुकरच्या कितव्या शिट्टीला तुम्ही उठता, लिफ्टचा आवाज आला की कोण येतं, हे सगळं तो न शिकवता शिकतो. भुंकल्यावर दार उघडतं हे एकदा कळलं की झालं.

पशुवैद्य_सांगली

उन्हाळ्याच्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो.

पुण्याच्या उन्हाळ्यात बॉर्डर कॉली जगतो, पण फिरणं उजाडताना आणि अंधार पडल्यावर. याचा दुहेरी केसांचा थर भादरू नका, विंचरून मोकळा ठेवा. खरी अडचण अशी की हा कुत्रा दमला म्हणून थांबत नाही. चेंडू फेकत राहाल तोवर पळेल. या जातीत एक ठळक त्रास दिसतो, त्याला बॉर्डर कॉली कोलॅप्स म्हणतात. विश्रांतीत अगदी ठणठणीत असलेला कुत्रा पाच ते पंधरा मिनिटं जोरात पळाला की झोकांड्या देतो, मागचे पाय ओढतो, नजर हरवते. थोड्या वेळाने सावरतो. गरम हवेत हे जास्त होतं. असं एकदा जरी दिसलं तरी खेळ तिथेच थांबवा, सावलीत न्या, अंग ओलं करा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, औषधं. कॉली वंशाच्या काही कुत्र्यांत एमडीआर१ या जनुकात दोष असतो आणि त्यांना आयव्हरमेक्टिनचा जास्त डोस विषासारखा भोवतो. रफ कॉली या वेगळ्या जातीत हे प्रमाण खूप जास्त, बॉर्डर कॉलीत कमी, तरीही गोचीड-खरजेसाठी कुणी हे इंजेक्शन सहज टोचत असेल तर आधी विचारा. जनुकाची तपासणी होते, ती करून ठेवलेली बरी.

पिल्लू बघताना एक गोष्ट विसरू नका. निळसर-करड्या ठिपक्यांचा मर्ल रंग 'दुर्मिळ' म्हणून जास्त पैशाला विकतात. आई-बाप दोन्ही मर्ल असतील तर पिल्लांपैकी साधारण पाव पिल्लांत तो जनुक दुप्पट येतो, आणि अशी पिल्लं बहिरी किंवा आंधळी निघण्याची मोठी शक्यता असते. माझ्याकडे असं एक पांढरंशुभ्र पिल्लू आणलं होतं. टाळी वाजवली, ताट वाजवलं, ते आपलं टेबलावर शांत झोपलेलं. घरच्यांना ते 'फारच गुणी' वाटत होतं. विकणाऱ्याने त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. ते बघताना वाईट वाटलं आणि रागही आला.

मीनल_२१

डॉक्टर, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. आमच्या सोसायटीत कुणीतरी नुकताच मर्ल आणलाय.

किवी_कोल्हापूरकर

न्यूझीलंडहून रामराम. टायनकाठची, माहेर तुमचं खरं, पण या कुत्र्याची सासुरवाडी इकडे आहे!

इथे दोन तऱ्हेची कुत्री असतात. हेडिंग डॉग, म्हणजे कॉलीचेच वंशज, गुपचूप वळसा घालून मेंढ्या माणसाकडे आणतात. आणि हंटअवे, ही इथेच तयार झालेली जात, मेंढ्यांच्या मागून मोठमोठ्याने भुंकत त्यांना माणसापासून पुढे लोटते. एकाच टेकडीवर दोन्ही चालताना बघणं म्हणजे सुख आहे. एक निःशब्द, दुसऱ्याचा आवाज दरीत घुमतोय.

दक्षिण बेटावर टेकापो सरोवराच्या काठी कॉलीचा ब्राँझचा पुतळा आहे, १९६८ साली उभारलेला. त्याच प्रदेशाला मॅकेंझी कंट्री म्हणतात. १८५५ मध्ये जेम्स मॅकेंझी नावाच्या मेंढपाळाला हजार चोरीच्या मेंढ्यांसह पकडलं, सोबत त्याची फ्रायडे नावाची कुत्री. चोर म्हणून सापडला आणि अख्ख्या प्रदेशाला त्याचं नाव मिळालं. त्या कुत्रीच्या करामतींच्या गोष्टी इथे अजून सांगतात.

आता मुद्द्याचं. फार्मवरचा कॉली दिवसभर पळत नसतो. काम असेल तेव्हा जीव तोडून करतो, आणि उरलेला वेळ त्याच्या खोपट्यात पडून असतो. मालक उठेपर्यंत तो उठत नाही. आपल्याकडे लोक समजतात, याला दमवा, अजून दमवा. दमवून दमवून तुम्ही नुसता ताकदवान कुत्रा तयार करता.

आभा_ना

किवी, तंतोतंत! मी हेच लिहिणार होते. आम्ही पिल्लूपणी रोज चेंडू फेकत होतो आणि ती जास्तच भिरभिरी व्हायला लागली. शेवटी शिकवलं ते स्वस्थ बसायला. सतरंजी अंथरली की तिथे पडायचं, काही होणार नाही, कुणी बोलणार नाही. बसायला, हात द्यायला शिकवणं सोपं होतं, हे त्याहून कितीतरी कठीण गेलं. आज मी स्वयंपाक करताना ती दाराशी त्या सतरंजीवर निवांत झोपते.

रानवाटा

मी पहिल्या प्रतिसादात तोडून लिहिलं, कारण डोक्यात राग होता. माझ्या एका नातेवाइकांनी मुंबईत कॉली घेतला होता. दोघं नोकरीला, कुत्रा दिवसभर ग्रिलच्या बाल्कनीत. खालच्या रस्त्यावरची प्रत्येक गाडी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत 'वळवायचा', ग्रिलशी वळताना नाक घासून घासून सोललं होतं. शेजारी वैतागले, तक्रारी झाल्या, आणि वर्षाच्या आत कुत्रा तिसऱ्याच कुणाला देऊन टाकला. त्याचं पुढे काय झालं कुणालाही माहीत नाही. तो कुत्रा अजिबात वाईट नव्हता. त्याला जे करायला जन्माला घातलं तेच तो करत होता.

आभा आणि किवी म्हणतात ते मान्य. पण किती घरं रोज सतरंजी घेऊन बसतील? लोक व्हिडिओ बघतात आणि पिल्लू आणतात. दहा जणांना 'नको' म्हणून सांगावं, त्यातला जो ऐकूनही अभ्यास करून परत येईल त्याने घ्यावा, असं माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही.

टायनकाठची

रानवाटा, नाकाचं वाचून कसंतरी झालं.

एक भर घालते. कामाचे कॉली आणि शोचे कॉली आता बरेच वेगळे झाले आहेत. ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला १९७६ मध्ये मान्यता दिली आणि तेव्हापासून रूपावर निवड होणारी शाखाही वाढली. शो शाखेचे साधारणपणे जास्त केसाळ, अंगाने भरीव आणि जरा सौम्य असतात. इथले जुने मेंढपाळ त्यांच्याकडे बघून नाक मुरडतात, आणि कामाच्या दृष्टीने मला त्यांचं पटतं. पण कोथरूडच्या घरासाठी सौम्य शाखाच बरी. फक्त सौम्य म्हणजे कॉलीच्या मानाने सौम्य. तुमच्या लॅबशी तुलना करू नका.

आणि त्यांचं हळवेपण लक्षात घ्या. एवढ्या बारीक शिळेवर वळणारा कुत्रा घरातला प्रत्येक चढा आवाज टिपतो. परीक्षेच्या दिवसांत लेक आणि तुम्ही भांडलात तर तो पलंगाखाली जाऊन बसेल. ओरडून यांना काही शिकवता येत नाही. फटाक्यांना घाबरण्यातही ही जात पुढे आहे, तेव्हा दिवाळीची तयारी पिल्लूपणापासूनच करा.

माणदेशी

कुणी हाकायची हौस भागवायला मोकळ्या रानात कळपावर कॉली सोडायचा विचार करत असेल तर कृपा करून नको. आपल्या मेंढरांना मागनं रोखून बघणारं जनावर म्हणजे लांडगाच वाटणार. बिथरली तर गाभण मेंढी गाभ टाकते, आणि वाड्यावरची कुत्री तुमच्या कॉलीला सोडणार नाहीत.

अनुजा_के

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला बसवून पूर्ण धागा वाचायला लावला. पंख्याच्या सावलीपाशी आणि बाल्कनीपाशी ती बराच वेळ थांबली.

सध्या ठरलंय ते असं. लगेच पिल्लू आणायचं नाही. मे महिन्यात तर नाहीच. तोवर लेकीने रोज पहाटे टेकडीवर जायचं, कुत्रा नसताना. ते जमलं तर पुढचं बोलू. प्रश्न एवढाच उरतो: मेंढ्या नाहीत, तर त्याला रोज 'काम' म्हणून नेमकं काय द्यायचं? आणि पिल्लाऐवजी मोठा कॉली, कुणी सोडून दिलेला, घेतला तर?

रानवाटा

मोठा मिळाला तर जरूर घ्या, मी स्वतः शोधायला मदत करतो. दीड-दोन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो, अंदाज बांधावा लागत नाही. आधी चार-पाच वेळा भेटा. एकदा रहदारीच्या रस्त्यावर चालवून बघा, एकदा घरी आणून पंखा, मिक्सर, शाळेतून आलेली मुलं यांच्यात कसा वागतो ते बघा. रिक्षावर झेपावला तर लगेच नाही म्हणू नका, पण हाक मारल्यावर नजर सोडवून तुमच्याकडे वळतो का, ते नीट पाहा.

आभा_ना

कामाचं सांगते. सकाळचं अर्धं खाणं वाडग्यात द्यायचंच नाही, घरभर लपवायचं आणि नाकाने शोधायला लावायचं. खेळण्यांना नावं द्या, लेकीला हे फार आवडेल. ट्राइबॉल नावाचा खेळ आहे, जर्मनीत निघाला, त्यात व्यायामाचे मोठे चेंडू नाकाने ढकलत माणसाकडे आणायचे असतात. मेंढ्या नसलेल्या कॉलीसाठीच तो जमवलाय म्हणा ना, सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतो. चेंडू-फेक थोडीच, आणि ती संपल्याचा एक ठरलेला शब्द हवा. आमच्याकडे 'पुरे' म्हणतो.

पशुवैद्य_सांगली

मोठा कुत्रा घेतलात तर आधी डोळे, कान आणि कंबरेचे सांधे तपासून घ्या. पिल्लू घेतलंत तर केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदांसोबत आई-बापांचे डीएनए अहवाल मागा: कॉलीच्या डोळ्यांचा दोष, टीएनएस आणि एमडीआर१. टीएनएस झालेल्या पिल्लाची प्रतिकारशक्ती चालत नाही आणि ते बहुधा काही महिन्यांतच जातं. आई-बाप वरून निरोगी दिसत असले तरी दोघंही वाहक असू शकतात, म्हणून नुसत्या बघण्यावर जाऊ नका. अहवाल मागितल्यावर जो विकणारा विषय बदलतो, त्याच्याकडून घेऊ नका.

केदार_ठाणे

अनुजाताई, टेकडीचं काय झालं ते इथेच कळवा. आणि डॉक्टर, हे डीएनए अहवाल कसे वाचायचे यावर वेगळा धागा काढा ना, खूप जणांना उपयोग होईल.

पशुवैद्य_सांगली

काढतो. या आठवड्यात लसीकरणाची शिबिरं आहेत, ती आटोपली की लिहायला घेतो.